देवाची इच्छा होती, की माझी सही?

पाऊलवाट

बाबांच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मी सही केली त्याला दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी दोन्ही बाजू नीट समजावल्या होत्या. ऑपरेशन केलं तर धोका आहे, नाही केलं तर किती दिवस मिळतील ते सांगता येत नाही. आईला काही सुचत नव्हतं आणि भावंडांत थोरली मी. काउंटरवरचं पेन दोरीनं बांधलेलं होतं आणि दोरी आखूड होती, म्हणून कागद तिरका धरून सही करावी लागली. ती तिरकी सही अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

डॉक्टरांचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगते. माझा प्रश्न वेगळा आहे.

दफनविधीला आलेला जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला, "देवाची इच्छा होती." पाळकसुद्धा तेच म्हणाले आणि मनापासून म्हणाले. त्याच आठवड्यात जवळच्या एका नातेवाइकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढी घाई का केलीस?"

ही दोन्ही वाक्यं मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. देवानं ठरवलंच होतं, तर माझ्या सहीला काय अर्थ? आणि सहीला अर्थ होता, तर देव त्या दिवशी कुठं होता? मत्तय १० मध्ये येशू म्हणतो की एका नाण्याला दोन चिमण्या विकतात, तरी त्यातली एकही तुमच्या पित्याशिवाय जमिनीवर पडत नाही. या "पित्याशिवाय" शब्दापाशी मी अडकले आहे. पित्याच्या हुकमाशिवाय, की पित्याच्या नकळत?

वेळ जाऊ दे, सगळं ठीक होईल, असं कृपया लिहू नका. मला हे खरोखर समजून घ्यायचं आहे.

देवदार

ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. प्रश्न शेकडो वर्षांचा जुना असला तरी तुमचं दुःख दोन वर्षांचंच आहे, हे लक्षात ठेवून लिहितो.

"हे देवानं केलं की माणसानं?" असं विचारताना आपण नकळत वाटणी धरून चालतो. दोन भावांत एक शेत, एकाकडे जास्त गेलं की दुसऱ्याला कमी उरणार. पवित्र शास्त्र अशी वाटणी करत नाही. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी यरुशलेमेतल्या लोकांना पेत्र एकाच वाक्यात सांगतो, की देवाच्या ठरलेल्या योजनेनुसार येशू धरून दिला गेला, आणि तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून मारलंत (प्रेषितांची कृत्ये २:२३). योजना होती म्हणून तुम्ही सुटलात, असं तो म्हणत नाही.

याच पुस्तकाचा २७वा अध्याय मी कितीदा वाचला असेल. कैदी पौलाला घेऊन जहाज रोमकडे निघालंय. पौल आधीच बजावतो की पुढं जाण्यात नुकसान आहे, पण शताधिपती, म्हणजे कैद्यांवरचा रोमन लष्करी अधिकारी, त्याच्यापेक्षा तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं ऐकतो. मग वादळ येतं. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. अशात देवाचा दूत पौलाला सांगतो की जहाज जाईल, माणूस एकही जाणार नाही. जहाजावर २७६ जण. वचन मिळालं, त्याला काही अट नाही.

आता पुढचं पाहा. चौदाव्या रात्री खलाशी नाळेवरून नांगर टाकतोय असं भासवून होडी खाली सोडतात. त्यांना गुपचूप पळायचंय. पौल शताधिपतीला म्हणतो, "हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही." शिपाई होडीचे दोर कापून टाकतात.

वचन पक्कं होतं, मग "राहिले नाहीत तर" कशाला? हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकला या दोन्हींत विरोध दिसत नाही. देवानं २७६ जीव वाचवले ते दोर कापणाऱ्या हातांतून. इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंट धर्मपंडितांनी लिहिलेल्या १६४६ सालच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात हेच धरून ठेवलंय. जे जे घडतं ते देवानं अनादिकाळापासून नेमलेलं आहे, पण म्हणून देव पापाचा कर्ता ठरत नाही आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्तीही होत नाही. तुमची सही खरी होती, विचार करून केलेली होती, आणि ती देवाच्या हाताबाहेर नव्हती.

ओंजळ

देवदार दादा, तुमच्या जहाजावरचे सगळे किनाऱ्याला लागले. ताईंचे बाबा लागले नाहीत. तिथं वचन होतं, इथं कुणालाही वचन मिळालं नव्हतं. हा फरक ओलांडून पुढं जाऊ नका, एवढीच विनंती.

शास्त्र सांगून सांत्वन करायचंच असेल तर मी लूक १३ उघडेन. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू विचारतो, ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. बुरूज का पडला, कुणी पाडला, देवानं त्यातून काय साधलं, यावर तो एक शब्द बोलत नाही. "तुम्ही पश्चात्ताप करा" म्हणतो, म्हणजे जे जिवंत आहेत त्यांच्याशी बोलतो. मेलेल्यांचा हिशेब तो आपल्याकडे देत नाही.

जिज्ञासू

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनाला लागला म्हणून विचारतो. हे आपल्याकडच्या प्रारब्धासारखंच झालं ना? आणि देवाला उद्याचं सगळं आजच माहीत असेल, तर उद्या मी वेगळं काही करूच शकत नाही. मग स्वातंत्र्य फक्त नावाला उरतं.

निळाई

जिज्ञासू, प्रारब्ध म्हणजे माझ्याच कर्माचं साठलेलं फळ. तिथं हिशेब आपोआप चालतो. ख्रिस्ती विश्वासात समोर हिशेब नसून कुणीतरी आहे. त्याच्याशी बोलता येतं, भांडता येतं. देवाचा संदेष्टा योना निनवे शहरात ओरडून सांगतो की ४० दिवसांत शहर उलथून पडेल. लोक राजापासून गुराढोरांपर्यंत उपास करतात आणि देव सांगितलेली शिक्षा करत नाही. प्रारब्धाला असा कळवळा येत नाही, आणि योना नेमका त्या कळवळ्यावरच रागावतो.

तुमचा दुसरा प्रश्न बोएथियसनं फार सुंदर हाताळलाय. सहाव्या शतकातला हा रोमन विद्वान एके काळी राज्याच्या मोठ्या पदावर होता. राजद्रोहाच्या आरोपाखाली तो तुरुंगात पडला, आणि मरणाची वाट पाहत असताना त्यानं हा विचार मांडला. त्याचं म्हणणं असं, की देव उद्याकडे आजच्या दिवसातून डोकावत नाही. त्याच्यापुढे काल, आज, उद्या एकदमच आहेत. माणूस रस्त्यानं चालताना तुम्हाला दिसतोय, पण तुम्ही पाहताय म्हणून तो चालत नाही. देवाचं जाणणं हे आधीपासून जाणणं नसून पाहणं आहे.

आणि गंमत म्हणून नाही, अगदी मुद्द्याला धरून सांगते. देवाच्या काळजीवाहू योजनेसाठी जो लॅटिन शब्द चर्चमध्ये रुळला, त्याचा मूळ अर्थच "पुढचं पाहणं" असा आहे. मोरिया डोंगरावर मुलाच्या जागी बळी द्यायला झुडपात शिंगं अडकलेला एडका सापडल्यावर अब्राहाम त्या जागेला "यहोवा यिरे" म्हणतो. त्यातल्या "यिरे"चा अर्थही "पाहील". मराठीतलं "देव पाहून घेईल" त्याच्या किती जवळ जातं.

देवदार

निळाई, बोएथियस मला पटतो, पण अर्धाच. देव नुसता पाहतो म्हटलं की तो प्रेक्षक होतो. इफिसकरांस पत्रात पौल लिहितो की देव सर्व काही आपल्या इच्छेच्या संकल्पाप्रमाणे चालवतो. तिथं चालवतो हा शब्द आहे.

ताई, आता चिमण्यांबद्दल. मूळ ग्रीकमध्ये तिथं फक्त "तुमच्या पित्यावाचून" एवढंच आहे. हुकूम हा शब्द नाही, ज्ञान हाही नाही. भाषांतरकारांना काहीतरी भरावं लागतं, म्हणून कुणी इच्छा घालतं, कुणी नकळत. मी आजवर इच्छाच वाचत आलो. पण शब्द उघडा आहे, हे मान्य करायला हवं.

पाऊलवाट

देवदार दादा, हे मला माहीत नव्हतं. पित्यावाचून. दिवसभर हा एकच शब्द घोळवते आहे.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते लिहिते. सहीच्या आदल्या रात्री मी प्रार्थना केली होती. "प्रभू, तू सांग, मी तेच करीन." पहाटे मन शांत झालं. ते उत्तर आहे असं मी धरलं आणि सकाळी सही केली. ते उत्तर नव्हतं का? की उत्तरच असं होतं?

निळाई

पाऊलवाट, माझ्यापाशी याचं सरळ उत्तर नाही. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते.

१ शमुवेल २३ मध्ये दावीद कईला नावाच्या गावात आहे आणि राजा शौल त्याला मारायला मागावर आहे. दावीद देवाला विचारतो, "शौल इथं येईल का?" उत्तर येतं, येईल. "इथले लोक मला त्याच्या हाती देतील का?" देतील. मग दावीद आपली सहाशेच्या आसपास माणसं घेऊन निघून जातो आणि शौल येतच नाही. म्हणजे देवानं जे सांगितलं ते घडलं नाही, आणि तरी ते खोटं नव्हतं. दावीद थांबला असता तर काय झालं असतं, ते देवानं सांगितलं होतं. सोळाव्या शतकातला, जेझुइट या कॅथलिक संघाचा स्पॅनिश धर्मपंडित मोलिना याच प्रसंगावर बोट ठेवतो. कुठल्या परिस्थितीत कोण मोकळेपणानं काय निवडेल, हेही देवाला ठाऊक असतं आणि तो ते धरून जग चालवतो, असं त्यानं १५८८च्या ग्रंथात मांडलं. डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या धर्मपंडितांना ते मुळीच मान्य नव्हतं. कृपा माणसाच्या होकारावर टांगून ठेवली, असा त्यांचा आक्षेप. वाद रोमपर्यंत गेला, वर्षानुवर्षं बैठका झाल्या, आणि १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देताच तो थांबवला. दोघांनी आपापलं मत ठेवावं, दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

हे सांगण्याचं कारण एवढंच, की "सही केली नसती तर बाबा राहिले असते का" हे दावीदाला कळलं तसं तुम्हाला कळवलेलं नाही. तुम्ही मात्र दोन वर्षं कळल्यासारखं वागताय.

रानवाट

वाचते आहे. ऑगस्टीन आणि पेलागियसबद्दलही कुणी लिहा ना.

देवदार

रानवाट, थोडक्यात लिहितो, नाहीतर मूळ प्रश्न बाजूला राहील. दोघंही पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे ख्रिस्ती शिक्षक. पेलागियसचं म्हणणं, देवानं आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याचं बळ माणसात असणारच. ऑगस्टीनला स्वतःचं तरुणपण आठवत होतं. चांगलं काय ते कळत असूनही इच्छाच वळत नव्हती, म्हणून त्याचं म्हणणं की आधी कृपा लागते. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसची मतं नाकारली. पुढं याच विषयावर १५२४ मध्ये इरॅस्मसनं इच्छा मोकळी आहे म्हटलं आणि १५२५ मध्ये ल्यूथरनं ती बांधलेली आहे म्हटलं. माणूस कृपा नाकारू शकतो असं मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांची पाच कलमं नेदरलँड्समधल्या १६१८-१९च्या डॉर्टच्या सभेनं फेटाळली, आणि पुढच्या शतकात इंग्लंडचा धर्मोपदेशक वेस्ली म्हणाला की देवाची कृपा प्रत्येकाच्या मनात आधीच येऊन वाट पाहत असते. माझी परंपरा डॉर्टची आहे, तरी वेस्लीच्या त्या विचाराबद्दल मला आदर आहे.

ओंजळ

मला योसेफाबद्दल लिहायचंय. या विषयावर उत्पत्ती ५०:२० सगळे सांगतात, तुम्ही माझं वाईट योजलं पण देवानं त्यातून चांगलं योजलं. माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा मलाही तेच वचन एका कार्डावर छापून मिळालं होतं. ते कार्ड मी उलटं करून ठेवलं, आणि मग रागानं ती गोष्ट पहिल्यापासून वाचायला घेतली.

भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकून विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. वीस रुपयांना, म्हणजे चांदीच्या वीस नाण्यांना. मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा ३०चा. त्यानंतर सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन, म्हणजे भावांना ओळख दिली तेव्हा ३९. मग वडील याकोब मिसरात १७ वर्षं जगला. ५०:२० मधलं वाक्य त्याच्या मृत्यूनंतरचं आहे. योसेफ तेव्हा छप्पन्नच्या आसपास असणार. खड्ड्यातून त्या वाक्यापर्यंत पोचायला ३९ वर्षं लागली.

मधल्या काळात तो काय म्हणतो? तुरुंगात प्यालेबरदाराला म्हणतो, माझी आठवण ठेव, मला इथून बाहेर काढ, मी काहीही केलेलं नाही. "देवाची योजना आहे, इथंच बरा आहे" असं नाही म्हणत. प्यालेबरदार विसरतो, आणखी दोन वर्षं जातात. आणि खड्ड्यात असताना? ३७व्या अध्यायात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. तो रडला, हातापाया पडला, हे आपल्याला थेट ४२व्या अध्यायात कळतं, तेही भावांच्या तोंडून. "तो विनवण्या करत होता, त्याच्या जिवाची तगमग आपण पाहिली, तरी ऐकलं नाही." वीस-बावीस वर्षं त्यांनी ते आत ठेवलं होतं.

आता कल्पना करा, तेच वाक्य भावांनी म्हटलं असतं. "अरे, आम्ही तुला विकलं ती देवाचीच योजना होती." शब्द तेच, अर्थही बरोबर, पण ऐकवलं नसतं. ते वाक्य योसेफाचं आहे, ज्याच्यावर ओढवलं त्याचं. तोही ते रडल्यावर म्हणतो. दुसऱ्यानं ते त्याच्या आधी म्हणायचं नसतं. दफनविधीला आलेली माणसं वाईट नव्हती, ताई. त्यांनी तुमचं वाक्य तुमच्या आधी बोलून टाकलं.

देवदार

ओंजळ, मी कितीतरी दफनविधींना हे वाक्य बोललो आहे. वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही.

तरी एक धरून ठेवतो. माझी आई सहा महिने अंथरुणाला होती. तिला एकाच गोष्टीनं धीर होता, की हा आजार वाट चुकून आलेला नाही, देवाच्या हातातून आलाय. तो हात तिच्याकडून काढून घेतला असता तर तिच्यापाशी काही उरलं नसतं. म्हणून देव फक्त हळहळत बघतो, एवढ्यावर मी थांबू शकत नाही.

ओंजळ

ते तुमच्या आईनं म्हटलं. आजार तिचा होता. मला ते पूर्ण मान्य आहे.

निळाई

पाऊलवाट, "तू सांग, मी तेच करीन" यावर आणखी एक लिहिते, मग थांबते.

सातव्या शतकात चर्चमध्ये वाद पेटला की ख्रिस्तात इच्छा एक की दोन. कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाला समेटासाठी "एकच, दैवी" असं उत्तर हवं होतं. मॅक्सिमस नावाचा वृद्ध साधू ऐकेना. ख्रिस्ताला मानवी इच्छा नसेल तर मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत "माझ्या इच्छेप्रमाणे नको" म्हणणारं कोण होतं, हा त्याचा मुद्दा. ६६२ साली त्याची जीभ आणि उजवा हात तोडून त्याला हद्दपार केलं आणि तिथंच तो मेला. ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं दोन इच्छांचीच शिकवण मान्य केली.

म्हणजे त्या बागेत मरण नको म्हणणारी एक खरीखुरी माणसाची इच्छा होती, आणि ती पाप नव्हती. तिला पुसून टाकून देवाची इच्छा पूर्ण झाली नाही. ती घाम गाळत तिथंच होती. तुम्ही त्या रात्री "तू सांग" म्हणालात आणि त्याच वेळी बाबा राहावेत असं तुम्हाला जिवापाड वाटत होतं. त्यात अविश्वास शोधू नका. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ साली स्पष्ट सांगितलंय की देव माणसाच्या इच्छेला हलवतो तेव्हा ती निर्जीव वस्तूसारखी पडून नसते. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस त्याच्याही आधी म्हणाला होता की देव इच्छेला चालना देतो तेव्हा ती इच्छाच राहते, दगड होत नाही. सही तुमची होती. ती देवाची आज्ञा होती हे सिद्ध करायची गरज नाही, आणि ती त्याच्या विरोधात होती असं ठरवायचीही नाही.

जिज्ञासू

निळाई, देवदार, ओंजळ, तिघांचे आभार. मी "स्वातंत्र्य नावाला उरतं" म्हणालो होतो. पाहणं आणि भाग पाडणं यात फरक आहे हे पटलं. देव चालवतो आणि तरी जबरदस्ती नाही, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण प्रश्न आधीपेक्षा नीट कळला.

पाऊलवाट

चार दिवस लिहिलं नाही. काल रात्री आईला उत्पत्तीचा ४२वा अध्याय वाचून दाखवला. भावांनी विनवण्या ऐकल्या नाहीत, त्या ओळीशी आले आणि ती म्हणाली, "थांब."

मग तिनं सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी तिचा हात धरून विचारलं होतं, "घरी नेशील का मला?" ती म्हणाली होती, "आधी बरे व्हा." मला हे ठाऊकच नव्हतं. मी काउंटरवर सही करत होते तेव्हा ती मागे बाकावर बसली होती, आणि मला थांबवावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. दोन वर्षं ती समजत होती की चूक तिची आहे, मी समजत होते माझी.

"देवाची इच्छा" हे शब्द काल आम्हा दोघींपैकी कुणीच उच्चारले नाहीत. बराच वेळ रडलो. मग तिनं विचारलं, सही करताना हात थरथरत होता का. मी दोरीचं सांगितलं, कागद तिरका धरल्याचं. ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू रागानं वाकडी सही करते आहेस."